रिमोटचं स्वस्त हेलिकॉप्टर आठवडाभरात का बिघडतं?

मुंबई पोलिसांचा एक आदेश अधूनमधून वर्तमानपत्रांत येतो. शहरात ठरावीक मुदतीपर्यंत ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर आणि हॉट एअर बलून उडवायला मनाई. तो छापून आला की पालकांना प्रश्न पडतो, मुलाला वाढदिवसाला मिळालेलं रिमोटचं हेलिकॉप्टरही यात आलं का? कायद्याकडे पुढे येतोच. पण बहुतेक घरांत हा प्रश्न पडेपर्यंत ते हेलिकॉप्टर माळ्यावर गेलेलं असतं. पातं तुटलेलं असतं, चार्ज होत नसतं, नाहीतर उडता उडता गरागरा फिरून भिंतीवर आदळत असतं. ‘चायनीज माल, असाच असायचा’ असं म्हणून विषय संपवला जातो.

मला हे पटत नाही. त्या दीड-दोन हजारांच्या वस्तूत खऱ्या हेलिकॉप्टरचं बरंचसं शास्त्र बसवलेलं असतं. ती बिघडण्याची कारणं ठरलेली आहेत. त्यातली बहुतेक टाळता येतात आणि उरलेली घरी बसून दुरुस्त करता येतात.

इथे मी घरात उडवायच्या, एकावर एक दोन पंखे असलेल्या लहान हेलिकॉप्टरबद्दलच लिहितो आहे. सायमा या चिनी कंपनीचं एस१०७जी हे या जातीचं जगभर खपलेलं मॉडेल. वीतभर लांब, वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. नवशिक्यानं सुरुवात याच जातीपासून करावी.

खोक्यावर लिहिलेलं ‘३.५ चॅनल’ म्हणजे काय?

चॅनल म्हणजे रिमोटवरून स्वतंत्रपणे करता येणारी एक हालचाल. वर-खाली हा एक चॅनल, जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे वळणं हा दुसरा आणि पुढे-मागे जाणं हा तिसरा. तो वरचा अर्धा बहुधा जायरोसाठी लिहिलेला असतो. जायरो ही सर्किटवरची एक बारीक चिप. हेलिकॉप्टर आपण न सांगता वळायला लागलं की तिला ते कळतं आणि ती मोटरांचा वेग बदलून त्याला सरळ करते. तिच्यासाठी रिमोटवर वेगळी कांडी नसते, म्हणून तो चॅनल नव्हे. खोका वाचताना इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तीन चॅनलच्या हेलिकॉप्टरला कुशीवर सरकता येत नाही. उजवीकडे जायचं असेल तर आधी तोंड उजवीकडे वळवायचं आणि मग पुढे जायचं. चौथा चॅनल असेल तर ते तोंड न वळवता बाजूला सरकतं. ते जास्त खऱ्यासारखं वाटतं, पण सांभाळायला फार अवघड.

दोन पंखे कशासाठी?

छताचा पंखा फिरतो तेव्हा त्याची मोटर पात्यांना एका दिशेला ढकलते आणि पाती तेवढ्याच जोरानं मोटरच्या धडाला उलट दिशेला ढकलतात. धड फिरत नाही, कारण ते हुकाला आणि दांड्याला घट्ट बसवलेलं असतं. हेलिकॉप्टर हा हवेत सोडलेला पंखा आहे, त्याला धरून ठेवणारा हुक कुठेच नाही. त्यामुळे पंखा एका बाजूला फिरला की खालचं धड दुसऱ्या बाजूला फिरू लागतं.

यावर एक उपाय म्हणजे शेपटीवर उभा छोटा पंखा लावून धडाला सतत उलट ढकलत राहणं. इगोर सिकोर्स्की यांनी १९३९ साली व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरमध्ये हीच रचना वापरली आणि आज जगातली बहुतेक हेलिकॉप्टर तशीच असतात. दुसरा उपाय म्हणजे एकाच दांड्यावर दोन पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. वरचा पंखा धडाला जितकं डावीकडे ढकलतो, तितकंच खालचा उजवीकडे ढकलतो आणि धड स्थिर राहतं. रशियन कामोव्ह हेलिकॉप्टर अशी असतात. आपलं नौदल ती वापरतं, आणि गोव्यात दाबोळीच्या हंसा तळावर कामोव्ह-३१ आहेत. तुमच्या हातातलं खेळणं रचनेनं या कामोव्हच्या कुळातलं आहे.

या रचनेत वळणं सोपं होतं. दोन्ही पंख्यांना स्वतंत्र मोटर असते. दोन्ही सारख्या वेगानं फिरल्या तर धड सरळ राहतं आणि एकीचा वेग जरा वाढवला की धड वळतं. दोन्हींचा वेग एकदम वाढवला की हेलिकॉप्टर वर चढतं. शेपटीवरचा इवलासा पंखा वळण्यासाठी नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो आडवा बसवलेला असतो. तो शेपूट वर उचलतो, त्यामुळे नाक खाली झुकतं आणि हेलिकॉप्टर पुढे सरकतं. तो उलटा फिरला की शेपूट दबतं आणि ते मागे येतं.

सगळ्यात वर, पात्यांच्याही वर, टोकांना वजन असलेला एक आडवा दांडा असतो. त्याला फ्लायबार म्हणतात. तो नुसता शोभेचा वाटतो, पण हेलिकॉप्टरची स्थिरता त्याच्यावर अवलंबून असते. वेगानं फिरणारी वस्तू आपली पातळी सहजी सोडत नाही. धड एका बाजूला कललं तरी फ्लायबार क्षणभर आधीच्याच पातळीत फिरत राहतो आणि बारीक जोडकाडीतून वरच्या पात्यांचा कोन बदलतो. त्यामुळे हेलिकॉप्टर पुन्हा सरळ होतं. ती जोडकाडी निखळली तर हेलिकॉप्टर उचललं जातं, पण लगेच डगमगून आडवं होतं. असं झालं की मोटर गेली असं समजून लोक ते टाकून देतात. बिघाड खरं तर एवढाच असतो की प्लॅस्टिकची एक खुंटी तिच्या खाचेतून सुटलेली असते. नखानं दाबून ती परत बसते.

इतकी सोय असूनही पहिल्याच दिवशी का पडतं?

कारण आपण त्याला जमिनीलगत ठेवतो. कमी उंचीवर उडवलं तर पडलं तरी लागणार नाही, हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. पण पंख्यानं खाली ढकललेली हवा फरशीवर आपटते, बाजूला पसरते आणि घोळत परत पंख्याकडे येते. पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत, म्हणजे जेमतेम वीतभर, ही ढवळलेली हवा असते. तिथे हेलिकॉप्टर घसरल्यासारखं इकडेतिकडे पळतं. कांडी ठामपणे पुढे करून ते अर्धा-एक मीटर वर न्यावं. तिथे ते एकदम शांत होतं.

भिंतीजवळ आणि छताजवळही असंच घडतं. छताजवळ गेलं की पंखा वरची हवा खेचतो, छत आणि पंखा यांच्यामध्ये दाब कमी होतो आणि हेलिकॉप्टर वर ओढलं जातं. म्हणून छतापासून दोन फूट तरी अंतर राखावं.

दुसरं कारण वारा. चाळीस ग्रॅमच्या वस्तूला छताच्या पंख्याचा झोतही वादळासारखा असतो. पंखा, एसी बंद आणि खिडक्या लावलेल्या, अशीच खोली हवी.

तिसरं कारण ऊन, आणि ते कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. एस१०७जीसारख्या हेलिकॉप्टरचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. त्यात रिमोटचा क्षीण इशारा बुडून जातो आणि हेलिकॉप्टर ऐकेनासं होतं. गच्चीवर नेलं आणि एकदम खाली कोसळलं, असं ऐकलं की मला पहिला संशय उन्हाचा येतो. ज्यांच्या खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं ती रेडिओवर चालतात. त्यांना उन्हाचा त्रास नाही, पण वाऱ्याचा आहेच.

पहिली काही उड्डाणं कशी करायची?

हॉल मोकळा करा. चारही बाजूंना दीड-दोन मीटर जागा हवी आणि खाली फरशी हवी. गालिचाचे धागे आणि जमिनीवरचे लांब केस पंख्याच्या दांड्यात गुंततात.

आधी रिमोट सुरू करायचा, थ्रॉटलची म्हणजे वर-खाली करण्याची कांडी तळाला ठेवून. मग हेलिकॉप्टरचं बटण चालू करून ते सपाट जागी ठेवायचं आणि काही सेकंद त्याला हात लावायचा नाही. त्या वेळात जायरो आपली स्थिर अवस्था ठरवून घेतो. हातात धरून, हलवत सुरू केलं तर पुढचं सगळं उड्डाण तिरपागडं होतं. बऱ्याच मॉडेलांत यानंतर कांडी एकदा पूर्ण वर नेऊन खाली आणावी लागते, तेव्हा रिमोट आणि हेलिकॉप्टर यांची जोडणी होते. माहितीपत्रकात पाहून घ्या.

हेलिकॉप्टरची शेपूट तुमच्याकडे हवी. नाक तुमच्याकडे असलं की त्याची डावी बाजू तुमच्या उजवीकडे येते आणि मेंदू गोंधळतो. आधी शेपूट आपल्याकडे, मग आडवं आणि शेवटी समोरासमोर, याच क्रमानं सराव करा.

पहिलं ध्येय एकच, मीटरभर उंचीवर जागच्या जागी तरंगवत ठेवणं. मुलांना लगेच पुढे पळवायचं असतं, पण तरंगवणं हाच या विद्येचा पाया आहे. त्यात अडचण अशी की कांडी हलवल्यावर पंख्याचा वेग बदलायला थोडा वेळ लागतो. वर जाताना दिसल्यावर कांडी खाली केली तर तोवर ते छताला पोहोचलेलं असतं. हव्या उंचीच्या थोडं आधीच कांडी केसभर मागे घ्यावी. खाली येऊ लागलं की केसभर पुढे. हात जितका कमी हलेल तितकं हेलिकॉप्टर स्थिर राहील.

तरंगताना ते आपोआप एका बाजूला हळूहळू फिरत असेल तर रिमोटवरचं ट्रिमचं बटण उलट दिशेला थोडं थोडं फिरवा. ट्रिम म्हणजे दोन मोटरांच्या वेगातला बारीक फरक जुळवण्याची सोय. बॅटरी उतरत जाते तशी ही जुळणी थोडी बदलते. उड्डाणाच्या मध्येच पुन्हा फिरू लागलं तर तो बिघाड समजू नका.

पुढे-मागे सरकत राहत असेल तर त्यावर बहुधा ट्रिम नसतं, कारण तो तोलाचा प्रश्न असतो. मागे सरकत असेल तर नाकाच्या आत मटाराएवढी क्ले चिकटवून बघा.

आपटलं तर काय करायचं?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. हेलिकॉप्टर कशालाही टेकलं, मग भिंत असो, पडदा असो वा सोफा, त्याच क्षणी थ्रॉटल शून्यावर आणायचा. आपली सहज प्रतिक्रिया नेमकी उलटी असते. पडतंय म्हटल्यावर आपण ते वर उचलायला कांडी पुढे ढकलतो. मोटरला वीज मिळत राहते, पण पातं कशात तरी अडकलेलं असतं. अडकलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. काही सेकंदांत ती तापते, प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांचे दात झडतात, सर्किटवरचा वीज पुरवणारा भाग जळतो. मीटरभर उंचीवरून पडून या हेलिकॉप्टरला सहसा काही होत नाही, इतकं ते हलकं असतं. त्याचं खरं नुकसान पडल्यानंतरच्या त्या दोन सेकंदांत होतं.

बॅटरी इतकी लवकर का मरते?

या हेलिकॉप्टरांत लिथियम-पॉलिमर बॅटरी असते, बोलीत लायपो. एस१०७जीमध्ये ती ३.७ व्होल्टची आणि १५० एमएएचची आहे. एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. सात-आठ मिनिटं उड्डाण आणि पाऊण तासाच्या आतबाहेर चार्जिंग, असा तिचा हिशेब. लायपो पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट असते आणि ३ व्होल्टच्या खाली गेली की कायमची दुखावते. हे कळलं की पुढच्या सगळ्या सूचना आपसूक कळतात.

हेलिकॉप्टर वर चढायला कुरकुर करू लागलं की उतरवा. पूर्ण थांबेपर्यंत रेटू नका. उतरवल्यावर हेलिकॉप्टरचं बटण बंद करा. हे बटण विसरण्यामुळे सर्वाधिक बॅटऱ्या मरत असाव्यात, असं माझं मत आहे. सर्किट रात्रभर थोडी थोडी वीज खातं आणि सकाळी बॅटरी ३ व्होल्टच्या कितीतरी खाली गेलेली असते. मग ती चार्जच होत नाही.

उडवल्यावर बॅटरी आणि मोटरा गरम असतात. दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच चार्जिंगला लावा. चार्जिंग चालू असताना घरात कुणीतरी जागं हवं. उशीवर, गादीवर ठेवून चार्ज करू नका. महिना-दोन महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धवट भरलेली ठेवा. पूर्ण भरून ठेवणं आणि रिकामी ठेवणं, दोन्ही तिला मानवत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर ठेवूच नका.

फुगलेली बॅटरी वापरायची नाही. टोचून, दाबून तिची हवा काढायला जाऊ नका, ती पेट घेऊ शकते. ती घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यातही जाऊ नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. नवी बॅटरी जास्त एमएएचची घ्यावी असा मोह होतो, पण तिचं वजनही जास्त असतं. हेलिकॉप्टर आधीच काठावरच्या ताकदीवर उडत असतं. मूळ मापाचीच बरी. तारा जोडायचं काम मोबाईल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देतो. लाल-काळी तार उलटसुलट होऊ देऊ नका.

घरच्या घरी देखभाल

चष्म्याच्या किंवा मोबाईलच्या स्क्रूंना लागतो तसा बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर, चिमटा आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, एवढं सामान पुरतं.

दर काही उड्डाणांनंतर पंख्याचा दांडा नीट बघा. आत एक बारीक पोलादी दांडा असतो आणि त्याच्याभोवती पोकळ नळी. दोन्ही उलट दिशांना फिरतात. मधल्या फटीत केस अडकलेला असेल तर चिमट्यानं काढा. मग टाचणीच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेऊन दांडा नळीत शिरतो तिथे सोडा. एकच थेंब, जास्त तेलानं धूळ चिकटते. कोकणात, गोव्यात, मुंबईत खाऱ्या दमट हवेनं पोलादी दांड्यावर गंज येतो, तिथे पावसाळ्यात हे आठवणीनं करा.

पात्यांचे स्क्रू ढिले दिसले म्हणून आवळू नका. ते ढिलेच असायला हवेत. हेलिकॉप्टर आडवं धरल्यावर पातं आपल्या वजनानं खाली लोंबलं पाहिजे. फिरताना पाती आपोआप ताठ होतात आणि कुठे आपटली तर मागे दुमडून वाचतात. आवळलेलं पातं थेट मोडतं, शिवाय हेलिकॉप्टर थरथरू लागतं.

थरथर जाणवली की या क्रमानं तपासा. पात्याची कड चिरलेली आहे का, जोडकाडी निखळली आहे का आणि शेवटी आतला दांडा वाकला आहे का. वाकलेला दांडा हातानं फिरवताना डोळ्यांना दिसतो. तो सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा.

पाती बदलताना त्यांच्यावर कोरलेली ए आणि बी ही अक्षरं वाचा. वरचा आणि खालचा पंखा उलट फिरतात म्हणून त्यांची पाती एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असतात. अदलाबदल झाली तर मोटरा जोरात फिरतात आणि हेलिकॉप्टर जागचं हलत नाही. पाती बदलल्यावर उडेनासं झालं असेल तर कारण बहुधा हेच.

रिमोटमधले पेन्सिल सेल उतरले की हेलिकॉप्टर लांबून ऐकत नाही. दोष हेलिकॉप्टरचा समजण्याआधी सेल बदला.

‘त्यापेक्षा ड्रोन का घेऊ नये?’

फोटो काढायचे असतील तर ड्रोनच घ्या. चार पंख्यांचा ड्रोन तोलण्याचं काम पूर्णपणे सर्किट करतं, आणि बाहेर उडवायला तो उजवा आहे. पण हेलिकॉप्टरमध्ये उलट बल कसं निष्प्रभ होतं, फ्लायबार कसा तोलतो, नाक झुकलं की पुढे का जातं, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं आणि बोटांनी कळतं. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी मी बिनदिक्कत हेलिकॉप्टर निवडेन. काही नव्या स्वस्त मॉडेलांत हवेच्या दाबावरून उंची आपोआप राखण्याची सोय असते. लहान मुलासाठी ती चांगली, पण तिच्यावर शिकलेल्याला थ्रॉटल सांभाळायची सवय लागत नाही.

इजेचं म्हणाल, तर पाती मऊ प्लॅस्टिकची असली तरी डोळ्याला इजा करू शकतात. चेहऱ्याच्या उंचीवर कुणाच्या जवळ उडवू नका, लांब केस बांधा, आणि उडणारं हेलिकॉप्टर हातानं झेलू नका.

परवानगी लागते का?

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यांत ड्रोन म्हणजे फक्त चार पंख्यांचं यंत्र असं नाही, पंख्यांवर उडणारी इतर दूरनियंत्रित यंत्रंही येतात. २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ गटात मोडतं आणि ते चालवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग आखलेले आहेत, आणि विमानतळांच्या आसपास निर्बंध कडक आहेत. मुंबईचा मोठा भाग विमानतळाच्या जवळच येतो. त्यातच पोलिसांचा मनाई आदेश चालू असेल तर गच्चीवर, चौपाटीवर किंवा मैदानात रिमोटचं काहीही उडवण्याच्या फंदात पडू नये. वजन कमी आहे हे सांगून तिथे भागणार नाही. आणि वारा, ऊन यांचं जे वर सांगितलं त्यावरून हे हेलिकॉप्टर बाहेर न्यायचं कारणही उरत नाही.

विकत घेताना

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते खोक्यावर बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या मॉडेलची पाती, जोडकाड्या, दातेरी चाकं आणि बॅटरी सुटी मिळते का, हे आधी शोधा. सुटे भाग मिळत नसतील तर दोनशे रुपये स्वस्त मिळतंय म्हणून ते घेऊ नका. पात्यांचा एक जादा संच पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

शेपूट आपल्याकडे, नाक आपल्याकडे, दोन्ही तऱ्हांनी तरंगवता येऊ लागलं आणि डायनिंग टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावर बिनचूक उतरवता आलं, की पुढच्या पायरीचा विचार करा. ती पायरी म्हणजे एका पंख्याचं, चार चॅनलचं, २.४ गिगाहर्ट्झचं लहान हेलिकॉप्टर. त्यात शेपटीचा पंखा सिकोर्स्कींच्या रचनेसारखा उभा असतो, आणि बाजूला सरकणं सांभाळायला तुमचा उजवा अंगठा नव्यानं शिकवावा लागतो.